मालवण ते वानखेडे, आंदोलनाच्या आठवड्यात बाइकवरून

मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने कोकणात आम्हाला कुठेही अडवलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला विचारलं त्याने उलटंच सांगितलं होतं. अडवलं ते लोकांच्या थापांनी. त्यातली एक थाप इतकी महागात पडली की अजून पाठ बोलते आहे, त्यामुळे पुढे जिथे आवाज चढलेला वाटेल तिथे समजून घ्या.

प्लॅन साधा होता. दोन बाइक, पुण्याहून ताम्हिणी उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण. परतताना फोंडा घाट चढून कोल्हापूर, सातारा, पुणे, आणि घरी गाड्या लावून ट्रेनने मुंबई. २ नोव्हेंबर २०२३ची वानखेडेवरची वर्ल्डकपची भारत-श्रीलंका मॅच. मुंबईतल्या मित्राने कागदी तिकिटं घेऊन आधीच पाठवली होती. (त्या वर्ल्डकपला मोबाइलवरचं तिकीट दाखवून आत सोडत नव्हते. कागदच हातात लागायचा.)

जातानाच्या दिवसांबद्दल काही लिहीत नाही. समुद्र होता, सुरमई होती, तारकर्लीत गर्दी नव्हती. पुढे.

३० ऑक्टोबरला बीड आणि माजलगावला जाळपोळ झाली, संचारबंदी लागली. आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांचं जालन्यातल्या अंतरवाली सराटीतलं दुसरं उपोषण २५ तारखेपासून चालूच होतं. ३१ला पुण्यात नवले पुलाजवळ हायवेवर टायर पेटवले, म्हणजे आमचा परतीचा रस्ता नेमका घराच्या दाराशी बंद. त्या हायवेवर पुढे अजून कुठे काय होईल याची खात्री कोणी देईना, म्हणून ठरवलं की घाट चढायचाच नाही, खालूनच मुंबई गाठायची. हा निर्णय बरोबर होता. आजही तोच घेईन.

तेवढ्यात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. जळते टायर, काळा धूर, खाली ओळ: ‘मुंबई-गोवा हायवे वडखळ नाका पूर्ण बंद, कोणीही निघू नये.’ आम्ही होमस्टेच्या पडवीत बसून तो चारदा पाहिला. धूर जरा सरकतो तेव्हा डावीकडे एका क्लासची पाटी दिसते आणि पाटीवर नऱ्हे असं स्वच्छ लिहिलेलं आहे. म्हणजे कालच्या नवले पुलाचाच व्हिडिओ, नाव तेवढं वडखळचं. आम्ही पुण्याचे म्हणून ओळखलं. मालकांना दाखवलं तर म्हणाले, ‘असेल हो, पण इतके जण पाठवतायत म्हणजे काहीतरी असेलच ना.’ असे व्हिडिओ आले की आवाज बंद करून पाट्या वाचा. गाड्यांच्या नंबरप्लेट बघा, बसचा रंग बघा. निम्म्या अफवा तिथेच मरतात.

१ तारखेला सकाळी कणकवलीत एका खासगी बसच्या एजंटकडे चौकशी केली. म्हटलं, बाइक टपावर टाकून झोपून जाऊ. सीटचे अडीच हजार, बाइकचे वेगळे चार. का, तर ‘आंदोलन आणि वर्ल्डकप एकदमच आलाय ना साहेब, रस्ता बंद आहे, आमचा ड्रायव्हर आतल्या वाटेने काढतो.’ रस्ता बंद आहे तर तुमची बस कुठून जाते, या प्रश्नावर तो मोबाइलमध्ये बघायला लागला. छापील तिकीट देणार का विचारलं तर तेही नाही.

इथे हिशेब माहीत असायला हवा. साध्या एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं आणि २०२१च्या दरवाढीपासून तेव्हा टप्प्याला ८ रुपये ७० पैसे होते. कणकवली-मुंबई साडेचारशेच्या आत धरा, म्हणजे तेव्हाचं तिकीट साडेसहाशेच्या आसपास. राज्य सरकारने एप्रिल २०१८मध्ये ठरवून दिलंय की खासगी बसवाल्यांनी त्याच दर्जाच्या एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही. म्हणजे साध्या गाडीला तेव्हा हजाराच्या आत. एसी स्लीपरला जास्त होईल, पण अडीच हजार कुठल्याच हिशेबात बसत नाहीत. जाणं भागच असेल तर छापील तिकीट मागून घ्या आणि नंतर आरटीओकडे तक्रार टाका. छापील नसेल तर तक्रारीला हातपाय नाहीत, आणि हे एजंटला तुमच्याआधी ठाऊक असतं. बरोबर बायको, आई, बहीण असेल तर सरळ एसटी धरा, मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे.

तिथून एसटी स्टँडवर गेलो, आणि सगळ्या वृत्तांतातली कामाची गोष्ट ही आहे. चौकशीच्या खिडकीतल्या वाहतूक नियंत्रकांना विचारलं, मुंबई रस्ता बंद आहे का हो? त्यांनी रजिस्टरवरून मान वर केली नाही. ‘खंय बंद आसा? सकाळधरून माझ्यो मुंबयच्यो गाडयो गेल्यो. एकव परत येवक नाय. मराठवाड्याच्यो तेवढ्यो रद्द.’ बस्स. दीड तास आम्ही ज्याच्यासाठी फोन फिरवत होतो ते या माणसाच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं होतं.

राज्यात कुठेही काही पेटलं की पहिला दगड एसटीला बसतो. त्यामुळे महामंडळ गाडी धोक्यात घालत नाही, जरा वास आला की डेपोतच उभी करतं. एसटी चालू असेल तर रस्ता चालू आहे. एसटी बंद झाली तर तुम्हीही निघू नका, मग व्हॉट्सॲपवर कोणी काहीही म्हणो. आणि त्याच कारणासाठी तणावाच्या भागात एसटीच्या किंवा दिव्याच्या सरकारी गाडीच्या मागे चिकटून बाइक चालवू नका.

ज्याच्याबरोबर गेलो होतो त्याने कणकवलीहून ट्रेन पकडली आणि बाइक तिथेच मामांकडे ठेवली. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक तेव्हा ३१ ऑक्टोबरपर्यंत असायचं, १ नोव्हेंबरपासून सगळ्या वेळा बदलायच्या. हॉटेलच्या भिंतीवरचा कागद जुना होता, हा प्लॅटफॉर्मवर वडापाव खात बसून राहिला. पण माझ्या आधी आणि धड पोचला. शहाणा तोच.

मी एकटा हायवेने निघालो. खारेपाटणपर्यंत रस्ता लोण्यासारखा. जिल्हा बदलला आणि लोणी संपलं. राजापूर, लांजा, हातखंबा, संगमेश्वर, सगळीकडे काम अर्धवट. चिपळूणला बहाद्दूरशेख नाक्यावर १६ ऑक्टोबरला कोसळलेला उड्डाणपूल तसाच लोंबत होता, खालून गाड्या मुंगीच्या चालीने. तरी इथपर्यंत उजेड होता, चाललं.

वाटेत एका तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर साखळी उपोषणाचा मांडव होता. भगवे झेंडे, सतरंजी, दहा-बारा माणसं. मी गाडी बंद केली, हेल्मेट काढलं, रामराम केला. सगळेजण एका मोबाइलवर वाकले होते. पुण्यात गहुंज्याला न्यूझीलंड-दक्षिण आफ्रिका चालू होती, डी कॉक आणि व्हॅन डर ड्युसेन धुलाई करत होते. ‘बसा, पाणी घ्या. कुठे चाललात?’ वानखेडेला म्हटल्यावर तिकीट बघायला मागितलं, हातोहात फिरलं, परत मिळालं. एवढंच आंदोलन मला कोकणात भेटलं. म्हणून सगळीकडे असंच भेटेल असं समजू नका. रस्ता अडवलेला दिसला तर लांबच थांबा, व्हिडिओ काढू नका, मॅचचं तिकीट नाचवत ‘आम्हाला तेवढं सोडा’ म्हणू नका. आणि चहाच्या टपरीवर आरक्षणावर मत देऊ नका. कोकणात मराठा आणि कुणबी हा प्रश्न घाटावरच्यासारखा नाही. तुमच्या शेजारी कोण बसलंय ते तुम्हाला माहीत नाही.

आता ती थाप. माझा बेत असा होता की माणगावहून हायवे सोडायचा, म्हसळ्यावरून दिघीला जायचं, तिथल्या जेट्टीवरून फेरीबोटीने आगरदांड्याला उतरून मुरूडला झोपायचं, सकाळी अलिबाग, मांडवा, आणि तिथून रो-रो बोटीवर बाइक चढवून तासाभरात भाऊचा धक्का. मॅच दुपारी दोनला. निवांत.

माणगावला काळोख पडला होता. एका लॉजच्या काउंटरवर चहा प्यायला थांबलो. मालक म्हणाला, ‘दिघीची जेट्टी बंद केलीय, आगरदांड्याला पोलीस आहेत. वडखळलाही गडबड आहे. इथेच राहा.’ खोली साडेतीन हजार. खोली म्हणजे पंखा, एक ट्यूब आणि पलंगाखाली कोणाची तरी चप्पल. जेट्टीवर फोन लागेना. वडखळचं खोटं आहे हे माहीत होतं, जेट्टीचं खरं असू शकतं असं वाटलं. हायवेने पुढे निघालो.

रायगडातलं इंदापूर ते वडखळ, पन्नासेक किलोमीटर. पनवेल-इंदापूरचं काम २०११ साली सुरू झालं. तेव्हा जन्मलेलं पोर आमच्या या प्रवासाच्या वेळी सातवीत असेल. एका बाजूला नवं काँक्रीट, दुसऱ्या बाजूला जुनं डांबर, दोन्हींच्या मध्ये वीतभर उंचीची धार. वळवलेल्या रस्त्याला पाटी नाही, पाटी असेल तर दिवा नाही, दिवा असेल तर तो समोरून चुकीच्या बाजूने येणाऱ्या ट्रेलरचा. कोलाडच्या पुढे एका ठिकाणी काँक्रीट सरळ चाललंय म्हणून मीही सरळ, आणि अचानक समोर मातीचा ढीग आणि त्यावर खोचलेली झाडाची फांदी. फांदी हीच सूचना. पुढचं चाक धारेवरून घसरलं, पाय टेकवून वाचलो, बुटाचा तळ सुटला. धूळ इतकी की हेल्मेटची काच पुसली की चिखल व्हायचा. नागोठण्यापर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. वडखळ नाक्यावर पोचलो तेव्हा तिथे आंदोलक नव्हते, पोलीस नव्हते, टायर नव्हते. एक भुर्जीची गाडी होती. दोन प्लेट खाल्ल्या.

रात्री या पट्ट्यात बाइक घालू नका. आंदोलन असो, नसो, वर्ल्डकप असो, नसो. नाहीच.

पनवेलला झोपलो, सकाळी गाडी स्टेशनच्या पार्किंगला लावली आणि हार्बर लोकलने सीएसएमटी. वानखेडेच्या आसपास गाडी नेण्याचा विचारही नको. बॅग, पॉवर बँक, पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत. स्टेशनच्या क्लोक रूमला तिकीट आणि कुलूपबंद बॅग लागते, तेव्हा बॅग कोणाच्या तरी घरी टाका.

मॅचबद्दल काय सांगू. गिल ९२, कोहली ८८, अय्यर ८२, भारत ३५७. मग शमी. श्रीलंका ५५वर गुंडाळली, १९.४ षटकांत. शमीच्या पाच विकेट १८ धावांत. ओरडून ओरडून घसा बसला, पाठ विसरलो. त्याच संध्याकाळी जरांगे पाटलांनी उपोषण सोडलं, स्टँडमध्ये फोनवर बातमी फिरली आणि एका कोपऱ्यात ‘जय शिवराय’चा गजर झाला.

डावाच्या मधल्या सुट्टीत शेजारच्या सीटवरच्या काकांना सहज विचारलं, कुठले? मुरूडचे. म्हटलं, तुमच्याकडे जेट्टी बंद होती ना काल? ‘कोण म्हणालं? म्हसळ्याला लेकीकडे होतो, काल संध्याकाळी दिघीहूनच घरी आलो. आज सकाळी मांडव्याहून बोट.’ मी काही बोललो नाही. पॉपकॉर्न आणायला उठलो.

त्यानंतर १५ नोव्हेंबरला वानखेडेवर सेमीफायनल होती, मध्ये दिवाळी, आणि सरकारला जरांगे पाटलांनी दिलेली मुदत २४ डिसेंबरची होती, म्हणजे नाताळच्या सुट्टीत ऐन गर्दीत विषय पुन्हा तापू शकत होता. अशा वेळी किनाऱ्याकडे निघणाऱ्यांनी टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. दोन-तीन हजार रोख खिशात ठेवा, कारण बीडसारखं नेट बंद झालं की जीपेही बंद आणि मॅपही बंद. नकाशा आधी उतरवून घ्या. परतताना माणगावला डावीकडे वळा, दिघी-आगरदांडा-मुरूड-मांडवा हाच मार्ग धरा, रो-रोचं तिकीट आधी ऑनलाइन काढा. भाऊच्या धक्क्याहून निघताना ईस्टर्न फ्रीवेवर चढू नका, दुचाकीला बंदी आहे, खालून पी. डिमेलो रोडने जा. जेट्टी चालू आहे का हे म्हसळा किंवा श्रीवर्धनच्या एसटी स्टँडवर विचारा. लॉजवाल्याला विचारू नका.