बंद गाडीच्या पाइपमधलं प्रेशर

मागच्या वर्षी इंदिरानगरच्या आमच्या पार्किंगमध्ये फ्यूएल फिल्टरचा पाइप सरळ खेचला होता. इंजिन बंद करून तासभर झाला होता, म्हटलं आता कसलं प्रेशर! पेट्रोलची पिचकारी थेट चष्म्यावर आणि बाहीवर. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. आईनं शर्ट दोनदा धुतला, वास काही गेला नाही.

सातपूर एमआयडीसीत आयुष्य काढलेल्या मामांनी आधी झापलं, मग समजावलं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत लाइनमध्ये साधारण ३ ते ४ बार प्रेशर असतं, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दीडपट तरी. गाडी पुढच्या वेळी पटकन सुरू व्हावी म्हणून पंपातला व्हॉल्व्ह ते बंद गाडीतही धरून ठेवतो. "किल्ली काढली म्हणजे लाइन रिकामी झाली का रे?"

यंदा फिल्टर बदलायचा रविवार उजाडला तेव्हा गाडी आधी उघड्यावर घेतली. इंजिन गार होतं. पंपाचा रिले, म्हणजे त्याला वीज देणारा छोटा स्विच, काढायचा आणि गाडी सुरू करायची, म्हणजे लाइनमधलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडते, एवढं पाठ होतं. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरची अक्षरं मात्र उडालेली. अंदाजानं एक रिले उपटला, स्टार्टर मारला. गाडी मजेत चालू. पाच मिनिटं मी ती बंद पडण्याची वाट बघत तसाच उभा! मग शंका आली, हॉर्न दाबला. मुका.

तो परत बसवून शेजारचा काढला. या वेळी काही सेकंदांत इंजिनचा सूर बदलला, गचके दिले, आणि बंद. त्यानंतर आणखी दोनदा स्टार्टर मारला, लाइनमध्ये उरलंसुरलं प्रेशर जावं म्हणून. टाकीचं झाकण उघडलं, फुस्स झालं. बॅटरीचा निगेटिव्ह काढून बाजूला केला.

गाडी जॅकवर उचलली, पण खाली शिरण्याआधी स्टँड लावले. नुसत्या जॅकवर माझा विश्वास नाही. जोडावर जाड फडकं गुंडाळून क्लिप दाबली. पिचकारी नाही, फक्त ओघळ आला. प्रेशर गेलं तरी फिल्टरमध्ये पेट्रोल असतंच, म्हणून खाली पत्र्याचा डबा हवा. नवा फिल्टर बाणाची दिशा बघून बसवला.

रिले आणि बॅटरी जोडून किल्ली नुसती ऑन-ऑफ, तीनदा, लाइन परत भरावी म्हणून. दर वेळी मागच्या सीटखालून पंपाचं दोन सेकंद 'घूंऽऽ'. मग स्टार्टर. खाली टॉर्च मारून बघितलं, दोन्ही जोड कोरडे.

मामांना जुन्या फिल्टरमधून निघालेल्या काळपट पेट्रोलचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "हॉर्न वाजतोय ना?"