कंपाउंडमागची विषारी मंडळी: श्रावणातला अपडेट

पावसाने उघडीप दिली तसा परत सोसायटीमागच्या पडीक जागेत घुसलो. सगळ्यात जास्त वेळ गेला तो मोगली एरंडावर. आपल्याकडे बरेच जण त्याला साधा एरंडच समजतात, पण शेजारी शेजारी बघितले की घोळ होत नाही. साध्या एरंडाचं पान खोल कातरलेलं, हाताच्या पंजासारखं, आणि बोंडावर मऊ काटे. मोगलीचं पान जेमतेम खाचांचं, फळ गुळगुळीत, आधी हिरवं मग पिवळं आणि वाळलं की तडकून आत काळं बी. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावतात, पण त्या बियांचा पांढरा गर चवीला बरा लागतो आणि खरी गोची तिथेच आहे, कारण पोरं खातात आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात. खेळायच्या बाजूची सगळी फळं ग्लोव्हज घालून काढून टाकली, झाडं ठेवलीत.

बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, तिची फळं मात्र त्याहून वाईट, विष थेट हृदयावर जातं. कुणी खाल्लंच तर उलटी काढायला मीठपाणी वगैरे पाजत बसायचं नाही, तोंडातलं बाहेर काढायचं, फांदी-फळ पिशवीत घालून सोबत घ्यायचं आणि सरळ हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८.

रुईचं सांगायचं राहिलं. शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पानं तोडताना देठातून जो चीक टपकतो तो लागलेला हात डोळ्याला लावू नका, गेलाच तर नळाखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि मग डॉक्टर.

गाजर गवत (१९५५ ला पुण्यातच पहिल्यांदा नोंदलं गेलं, हा मान आपलाच!) फुलायच्या आत उपटतोय, फुल बाह्या आणि मास्क लावून, कारण अंगाला खाज आणि शिंका दोन्ही. एका पट्ट्यात पानांची चाळण झालेली दिसली, नीट पाहिलं तर मेक्सिकन भुंगे, मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघा. गाजर गवत खाऊन आटोक्यात ठेवावं म्हणून १९८४ मध्ये बंगळुरूला सोडले होते त्यांचंच खानदान. तो पट्टा तसाच ठेवलाय, तिथे फवारणी करू नका असं माळीकाकांनाही सांगितलंय. दिवाळीनंतर टाकळ्याचं बी गोळा करून मे अखेरीस बाकीच्या जागेत फेकायचा प्लॅन आहे, तो गाजर गवताला वर येऊ देत नाही म्हणतात. कुणी करून पाहिलंय का?