उंबरावरचा जक्कय

आई गेल्यावर तिच्या पाटल्या मी ताईला न सांगता मोडल्या. 32 हजार आले. "आईनेच विकल्या असतील," असं ताईला सांगून टाकलं. पुढची 6 वर्षं चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला हातात घेताना माझी बोटं गार पडायची.

मग एकदा बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, 19व्या अध्यायातला जक्कय पुन्हा वाचला. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, येशूला बघायला उंबरावर चढून बसलेला. येशू वर बघतो आणि म्हणतो, लवकर खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. तोवर जक्कयने एक पैसाही परत केलेला नाही! गरिबांना अर्धी मालमत्ता, फसवलेल्यांना चौपट, हे सगळं नंतरचं. मी मात्र उलटं धरून बसले होते: आधी फेडू, मग देवाला तोंड दाखवू.

त्या रात्री ओट्याला टेकून, पाटल्यांचं नाव घेऊन प्रार्थना केली. खूप रडले. प्रभूने मला क्षमा केली, हे मी अगदी खात्रीने सांगते.

शनिवारी ताईकडे गेले, सगळं सांगितलं. बराच वेळ ती गप्प होती. पैशांचं पाकीट तिने उघडलंही नाही. मग म्हणाली, "त्यांच्यावर वेलाची नक्षी होती ना गं?"