पहिला नांगर विकायला दोन वर्षं

परवा पलूसला जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागलं आणि पुन्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांचा विचार डोक्यात सुरू झाला. बेळगावात सायकलचं दुकान चालवणारा माणूस लोखंडी नांगर बनवतो आणि शेतकरी म्हणतात लोखंडानं जमिनीत विष उतरेल, म्हणे पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली! दोन वर्षं! पुढं बेळगावातली जागाही सोडावी लागली, मग औंधच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर 1910 मध्ये परत पहिल्यापासून सुरुवात.

मी कडबा कुट्टी मशीन बनवतो, म्हणजे जनावरांची वैरण बारीक कापायचं मशीन. माझं पहिलं मशीन सात महिने शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होतं, पात्यांवर गंज धरायचा, मी दर रविवारी पॉलिश पेपरनं घासून तेल लावायचो आणि बायको लांबून बघायची, काही बोलायची नाही. त्या दिवसांत मोटिव्हेशनचे व्हिडिओ खूप बघितले, खरं सांगतो, सकाळी उत्साह यायचा आणि दुपारी हप्त्याचा मेसेज आला की संपायचा.

फरक पडला तो गोठ्यांवर जायला लागल्यावर. एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, मशीन चांगलंय रं, पण वैरण आत ढकलताना हाताची भीती वाटती." तोवर मी लोकांनाच नावं ठेवत होतो, यांना नवीन काही नकोच म्हणून. त्याच रात्री तोंडाचा पत्रा कापून नऊ इंच लांब केला. मशीन त्या मावशींनीच घेतलं, अजून चालू आहे, गेल्याच महिन्यात पाती बदलून दिली.