‘सुटले’ अशी नोंद करून सोडलेल्या गाड्या

गॅरेजचं शटर वर करत होतो तेवढ्यात फोन वाजला. "दादा, गाडी जागची हलतच नव्हती. मागची चाकं धरून बसली होती. शेजारच्या काकांनी जोर लावून सोडवली, आता चालतेय. नुसती एक नजर टाकाल का? तासाभरात निघायचंय मला."

ताई पंधरा मिनिटांत गाडी घेऊन आल्या. वडील पाच आठवडे हॉस्पिटलमध्ये होते आणि आज त्यांना घरी सोडणार होते. या धावपळीत गाडीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. पाच आठवड्यांपूर्वी ती धुतली होती. ओली असतानाच जागेवर लावली, तिथे थोडा उतार होता म्हणून हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला, आणि त्याच रात्री वडिलांना न्यावं लागलं.

एवढं ऐकल्यावर आत काय झालं असणार हे कळतंच. छोट्या गाड्यांना मागे बहुतेक ड्रम ब्रेक असतात. ड्रम बिडाचा. त्याच्या आत दोन शू, म्हणजे दोन लोखंडी कमानी, आणि त्यांच्या पाठीवर चिकटवलेले लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे पट्टे. हँडब्रेक ओढला की लायनर ड्रमला आतून घट्ट टेकतात. मध्ये पाणी असेल तर बीड गंजतं, लायनरमध्ये लोखंडाचे तंतू असतील तर तेही गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे दोन्हींच्या मधली बारीकशी फटसुद्धा भरून जाते. हँडब्रेक खाली केला तरी शू सुटत नाही, कारण आता त्याला गंजानं धरलेलं असतं.

काकांनी काय केलं, तेही ताईंनी सांगितलं. पहिला गिअर टाकला, ॲक्सिलरेटर दाबला, क्लच सोडला. गाडी मागून खाली बसली, पण हलेना. रिव्हर्सला तेच. मग आणखी जोर दिला तेव्हा मागून ‘धाड’ असा आवाज आला आणि गाडी सुटली.

तो ‘धाड’ मी चौदा वर्षं ऐकतोय. खरं सांगायचं तर त्या आवाजानं मलाही बरं वाटायचं. लायनर ड्रमपासून सुटला की असाच आवाज येतो, आणि बहुतेक वेळा त्यानंतर गाडी नीट चालते. म्हणून माझी पद्धत ठरलेली होती. चाकं उचलून फिरवून बघायची, ब्रेक मारून एक चक्कर काढायची, आणि गाडी द्यायची.

त्या दिवशीही तसंच करायला घेतलं. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावले, मागून जॅक चढवला, खाली घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे स्टँड, लावल्या. डावं चाक हातानं जड फिरत होतं आणि ड्रमजवळ हात नेला तर धग लागत होती. उजवं मात्र छान मोकळं होतं. माझ्या हाताखालचा मुलगा म्हणाला, "दादा, उजवं ओके आहे. डाव्याचंच बघू."

मी उजवं चाक पुन्हा फिरवलं. मोकळं तर होतंच, पण प्रत्येक फेऱ्यात एका जागी आत काहीतरी सरकल्यासारखं वाटत होतं. ताईंना हँडब्रेक ओढायला सांगितला. डावं चाक गच्च थांबलं. उजवं हातानं फिरतच राहिलं.

चाक काढलं. बऱ्याच ड्रमवर आट्यांची दोन भोकं असतात, त्यांत ८ मिमीचे बोल्ट एकाआड एक थोडे थोडे आवळत गेलो तसा ड्रम सरळ बाहेर आला. आणि त्याच्याबरोबर लायनरचा निम्मा तुकडा फरशीवर पडला.

उरलेला निम्मा ड्रमच्या आत चिकटलेला होता, फणसाच्या आठळीला साल चिकटून राहावी तसा. शू नागडा पडला होता. त्याच्या लोखंडावर वाळलेल्या गोंदाचे तपकिरी डाग, आणि कडेनं गंजाची एक रेघ आत शिरलेली. म्हणजे गंजाची पकड लायनरच्या गोंदापेक्षा भारी ठरली होती. काकांनी जोर लावला तेव्हा सांधा जिथे कच्चा होता तिथे सुटला, ड्रम आणि लायनरमध्ये नव्हे, तर लायनर आणि शूमध्ये. आवाज मात्र अगदी तोच, ‘धाड’. बाहेरून ऐकून फरक कळायला काहीच वाव नाही.

तो तुकडा हातात धरून मी थोडा वेळ तसाच बसलो. पडलेला तुकडा ड्रममध्ये फिरत राहिला असता आणि कधीतरी वेगात ब्रेक मारताना शू आणि ड्रमच्या मध्ये आडवा अडकला असता, तर मागचं एक चाक जागच्या जागी जाम. आजारातून उठलेला माणूस बाजूला बसलेला, आणि गाडीचा मागचा भाग फिरतोय. तुकडा अडकला नसता तरी लायनरची जाडी गेल्यामुळे शूंना बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडरचा पिस्टन नको तितका बाहेर आला असता आणि ब्रेक ऑइल गळायला लागलं असतं.

ताईंना तुकडा दाखवला आणि सांगितलं, ही गाडी आत्ता देता येणार नाही.

त्या रडवेल्या झाल्या. "दादा, हळू चालवते ना मी. मघाशी तर आले व्यवस्थित."

त्यांचं म्हणणं मला कळत होतं. पाच आठवड्यांनी बाप घरी येतोय. पण हळू चालवणं हा याच्यावर उपाय नाही, कारण समोर कुणी आडवं आलं तर ब्रेक हळू मारता येत नाही. मी माझ्या गाडीची किल्ली मुलाच्या हातात दिली आणि त्याला ताईंबरोबर पाठवलं. "ताईंच्या वडिलांना जपून आण, खड्डे चुकव," एवढंच सांगितलं.

मग डाव्या चाकाकडे वळलो. ते धरत का होतं? आधी मागचा निपल उघडून थोडं ब्रेक ऑइल सोडलं. आत दाब अडकून राहिला असता, होज पाइप आतून सुजल्यामुळे वगैरे, तर चाक लगेच हलकं झालं असतं. नाही झालं. मग गाडीखाली जाऊन हँडब्रेकची केबल बघितली. हँडब्रेक पूर्ण खाली होता, पण डावी केबल तिच्या रबरी वेष्टणात पाणी शिरून गंजली होती. ओढली की जायची, सोडली की परत यायची नाही. शू थोडे बाहेरच राहायचे आणि घासत घासत तापायचे. अशा केबलला तेल पाजून दोन दिवस ढकलता येतात, पण मी ते करत नाही. केबल बदलली.

शू मात्र दोन्ही चाकांचे बदलले. डाव्याचा लायनर दिसायला शाबूत होता, पण तोही पाच आठवडे त्याच पाण्यात बसलेला, आणि एकाच बाजूचे नवीन टाकले की ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. आतली धूळ हवेच्या पाइपनं उडवायची नाही, हे मुलाला मी रोज सांगतो. जुन्या लायनरमध्ये फुप्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरनं भिजवून पुसून घेतली. ड्रमचा गंज पॉलिश पेपरनं काढला, आतला व्यास मोजला. ड्रमवर जास्तीत जास्त किती चालतो तो आकडा कोरलेला असतो, त्याच्या आत होता. शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा ॲडजस्टर लावला, ब्रेक ऑइलमधली एअर काढली, शेवटी हँडब्रेक ओढताना जितक्या टकटकी गाडीच्या पुस्तकात दिल्यात तितक्यांवर बसवला. दहा मिनिटांची चक्कर मारून आलो आणि दोन्ही मागच्या चाकांजवळ हात नेऊन बघितला. दोन्हीकडे सारखीच ऊब.

हे काम जोर न लावता कसं करायचं, तेही लिहून ठेवतो, कारण काकांसारखी मदत करणारी माणसं सगळीकडे असतात आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. हँडब्रेक सोडून गाडी हलक्या हातानं पुढे-मागे करून बघावी, दोन-तीनदा, बास. नाही सुटली तर थांबावं. चाक काढून, आत शू जिथे टेकतो त्या भागावर बाहेरून, मध्ये लाकडाचा तुकडा धरून, ड्रमभोवती फिरत हातोडीचे हलके ठोके द्यावेत. ड्रमच्या कडेवर मारू नये, बीड आहे, तडकतं. चिकटलेला ड्रम बद्द वाजतो. शू सुटला की तोच ड्रम खणखणीत वाजायला लागतो. कानाला स्पष्ट कळतं. आणि सुटल्यावर ड्रम उघडायचाच. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकच्या गाडीला मात्र यातलं काहीही करू नये, तिची मोटर आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते.

संध्याकाळी ताई गाडी न्यायला आल्या. वडील घरी पोचले होते, झोपले होते. ताईंना एवढंच सांगितलं की गाडी धुतल्यावर थोडी चालवून, चार-पाचदा हलका ब्रेक मारून ड्रम वाळवायचे. बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना ठोकळे लावून, हँडब्रेक न ओढता. उतारावर मात्र हँडब्रेक लागणारच, म्हणून मुळात तिथे फार दिवस ठेवायचीच नाही.

त्या गेल्या. मुलगाही गेला. मी कामाची वही काढली आणि मागची पानं चाळायला लागलो. ‘ब्रेक जाम, सुटले’ एवढीच नोंद करून ड्रम न उघडता सोडलेल्या गाड्या वर्षभरात चार निघाल्या. चौघांनाही त्याच रात्री फोन केले. काय सांगायचं ते आधी ठरवलं नव्हतं, सरळ सांगितलं की मी आत बघायला हवं होतं ते बघितलं नाही, गाडी घेऊन या, पैसे घेणार नाही.

एकानं गाडी विकली होती. नवीन मालकाचा नंबर त्यानं दिला, मी त्यांनाही फोन केला. आठवडाभरात चारही गाड्या येऊन गेल्या. तिघांचे लायनर घट्ट होते. चौथ्याच्या डाव्या शूवर खालच्या टोकाला लायनर लोखंडापासून उचलला गेला होता. फटीत माझं नख आत जात होतं.