थांबता थांबता गुरगुरणारा ब्रेक : पुढच्या डाव्या चाकाचा माग

गाडी २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, चारही चाकांना वेग मोजणारा सेन्सर असलेलं एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा), मुक्काम मालवणजवळचं आचरा. तक्रार अशी की ब्रेक मारून गाडी जवळजवळ थांबत आली की पेडल पायाखाली थरथरतं, बॉनेटखालून घर्रर्र आवाज येतो आणि गाडी हातभर पुढे सरकून मग थांबते. डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा नाही. साठच्या वेगावरून दाबला तरी ब्रेक सुरुवातीला एकदम ठीक, शेवटच्या टप्प्यात वेग दहाच्या आसपास आला की खेळ सुरू. कोरड्या रस्त्यावरही, ओल्यावरही.

बाजारातल्या गॅरेजवाल्या दादांनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सेन्सर गेलो असतलो, नवो घाल." त्यांचा रोख बरोबर होता. पण सेन्सर चार, आणि दिवा लागत नसल्यामुळे कुठलं चाक ते कोणी सांगत नव्हतं. अंदाजाने एकेक बदलत जायचं म्हणजे पैसे जातात, आणि खरं दुखणं तसंच राहिलं तर नवा सेन्सरही तसाच वागतो. म्हणून मी ठरवलं, आधी मोजायचं.

पहिली खात्री: हे एबीएसच आहे का?

थरथर ब्रेकची डिस्क वाकडी झाल्यानेही येते. दोन्हींतला फरक ओळखायला सोपा उपाय म्हणजे एबीएसचा फ्यूज काढून पाहणे. एक इशारा मात्र मनापासून देतो. फ्यूज काढला की एबीएसबरोबर ईबीडीही, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी सोयही बंद पडते, आणि मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी अडकू शकतात. त्यामुळे हे रिकाम्या रस्त्यावर, वीस-पंचवीसच्या वेगात आणि हलक्या पायाने करावं. मी वरच्या सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या माळावरचा, सरळ रस्ता निवडला. सकाळी तिथे गुरंसुद्धा नसतात.

फ्यूज काढल्यावर दिवे लागले आणि थरथर पूर्ण गेली. गाडी मऊपणे थांबली. डिस्कवरचा संशय मिटला, एबीएस नको तेव्हा जागं होतंय हे पक्कं झालं.

ते जागं का होतं

हे नीट समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. माझ्या गाडीत जुन्या पद्धतीचे, म्हणजे पॅसिव्ह सेन्सर आहेत. आत एक लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचं वेटोळं. समोरून दातेरी रिंग फिरते. दात आला, खाच आली, चुंबकक्षेत्र बदललं की वेटोळ्यात व्होल्टेज तयार होतं. बाहेरून वीज लागत नाही. चाक जितकं जोरात फिरेल तितक्या लहरी जास्त आणि प्रत्येक लहर उंच. वेग उतरला की लहर बुटकी होत जाते, आणि एका मर्यादेखाली एबीएसच्या कंट्रोलरला ती दिसेनाशी होते.

चारही सेन्सर निरोगी असतील तर हे चार-पाचच्या वेगाला, सगळ्यांचं जवळजवळ एकाच वेळी होतं, आणि इतक्या कमी वेगात एबीएस तसंही हस्तक्षेप करत नाही. पण एखाद्या चाकाची लहर आधीच अशक्त असेल तर ती दहा-अकरालाच नाहीशी होते. कंट्रोलरला दिसतं की तीन चाकं दहाने फिरतायत आणि एक शून्यावर. त्याच्या हिशेबात ते चाक अडकलं, म्हणून तो त्या चाकाच्या ब्रेकचा दाब सोडतो. ऐन थांबायच्या वेळी एका चाकाचा ब्रेक सुटतो आणि गाडी पुढे सरकते. चौकात पुढे एखादी दुचाकी उभी असली तर ते हातभर अंतरही जास्त असतं, त्यामुळे दिवा नाही म्हणून हे अंगावर काढण्यासारखं दुखणं नाही.

स्कॅनर

स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल सहसा इंजिनाचेच, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे बिघाडाचे कोड दाखवतं. एबीएसचे 'सी'वाले कोड बहुतेकदा त्याच्या आवाक्याबाहेर असतात. कणकवलीच्या मित्राकडे एबीएसमध्ये शिरणारा स्कॅनर आहे, तो आणला. कोड एकही नव्हता. त्याचं नवल नाही, कारण सिग्नल तुटलेला नव्हता, फक्त लवकर मावळत होता.

अशा वेळी कोडपेक्षा लाइव्ह डेटा कामाचा. चारही चाकांचे वेग एका पडद्यावर लावले, मित्र शेजारी बसून मोबाइलवर चित्रण करत राहिला, आणि सड्यावर मी गाडी तीसवरून ब्रेक न लावता सोडून दिली. वीसला चारही आकडे हातात हात घालून चाललेले. पंधरा, तेरा, बारा. अकराला पुढचं डावं एकदम शून्य, आणि बाकीचे तिघे अजून दहा, नऊ, आठ करत सावकाश उतरतायत. पुन्हा केलं, पुन्हा तेच चाक. ब्रेकला पाय न लावताही आकडा पडतो, म्हणजे चाक खरोखर अडकत नाही हेही यातच कळलं.

दातेरी रिंगला चीर असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. मग आकडा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा गचका खातो, वीस-तीसच्या वेगातही. इथे वरच्या वेगात आकडा अगदी गुळगुळीत होता.

मीटर

खळ्यात मागच्या चाकांना चिऱ्याचे तुकडे लावून पुढचं डावं चाक उचललं, खाली स्टँड दिला, गाडी न्यूट्रलला, किल्ली बंद. सेन्सरचा कनेक्टर सोडवून वेटोळ्याचा रोध मोजला: डावा १.१२ किलोओहम, उजवा १.०९. दोन्ही ठणठणीत. तार आणि बॉडी यांच्यात संपर्क नाही. स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत, शॉकअॅब्सॉर्बरजवळची तार हलवत पुन्हा पाहिलं. आकडा जागचा हलला नाही.

अनेक जण इथेच थांबतात: रोध बरोबर, म्हणजे सेन्सर बरा, म्हणजे कंट्रोलर गेला. तसं नसतं. रोध फक्त तार अखंड आहे एवढंच सांगतो. सेन्सर किती जोरात बोलतोय ते कळायला मीटर एसी व्होल्टवर लावून चाक फिरवावं लागतं. टायरवर खडूची खूण केली आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीवर सेकंदाला एक फेरा या बेताने हाताने चाक फिरवलं. हा ताल दोन्ही बाजूंना सारखा हवा, कारण वेग वाढला की व्होल्टेजही वाढतं आणि तुलना फसते.

उजवीकडे ०.५२ व्होल्ट, डावीकडे ०.१४.

माझ्या मीटरला हर्ट्झ मोजायची सोय आहे. रिंगला ४४ दात, म्हणजे सेकंदाला एका फेऱ्याला ४४ हर्ट्झ यायला हवेत. दोन्हीकडे आकडा ४४ च्या आसपासच घुटमळत होता. म्हणजे दात सगळे शाबूत, मोजणी बरोबर, फक्त लहर बुटकी. तार चांगली, रिंग चांगली आणि लहर बुटकी, तर पहिला संशय जातो तो सेन्सरचं टोक आणि दात यांच्यातल्या फटीवर.

बाहेर काढल्यावर

दहाचा बोल्ट निघाला, सेन्सर मात्र घट्ट. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं. सकाळी पान्याने धरून अगदी थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं फिरवत काढला. हातोडी किंवा स्क्रू ड्रायव्हर खाली घालून उचकटणं टाळाच, डोक्याचं प्लास्टिक तुटतं आणि उरलेला तुकडा नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं त्या ओतीव लोखंडी भागात) बसून राहतो.

टोकावर लोखंडी भुकटीचे बारीक केस उभे राहिलेले, चुंबकाच्या दोन्ही कडांवर दाट आणि मधे विरळ. ब्रेकची भुकटी आणि गंजाचा चुरा. ते फडक्याने पुसलं. खरी गोष्ट सेन्सरच्या कानाखाली होती. बोल्टचा कान ज्या सपाट जागेवर टेकतो तिथे नकलच्या ओतीव लोखंडावर गंजाचे पापुद्रे चढलेले, नखाने उचलले की एकाखाली एक निघत होते. त्या थराने अख्खा सेन्सर वर उचलून धरला होता. काढण्याआधी फीलर गेजच्या पातळ पट्ट्यांनी फट मोजून ठेवली होती: डावीकडे १.७ मिलिमीटर, उजवीकडे ०.८. मिलिमीटरभरही नाही एवढ्या गंजाने लहर पाव पटीवर आणली.

लोखंड गंजलं की मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतं. चिऱ्याच्या भिंतीत बसवलेला खिडकीचा गज गंजून चिरा फोडतो ते आपण किनाऱ्यावर घरोघरी पाहतो, इथे तेच घडत होतं. दादांना फोटो दाखवला तर ते एवढंच म्हणाले, "ह्यां खाऱ्या वाऱ्याचां काम." आणि खरंच आहे. वैशाखात समुद्रावरून येणारा वारा, भरतीला खाडीकाठच्या रस्त्यावर चढणारं पाणी, पाहुणे आले की हौसेने पुळणीवर नेलेली गाडी, आणि वर चार महिन्यांचा पाऊस. घाटमाथ्यावरच्या गाडीला जे व्हायला फार वर्षं लागतील ते इथे लवकर होतं.

साफसफाई

टेकायची जागा तारेच्या हातब्रशने, मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने. भोकाच्या आतला गंज लाकडी दांडीला पेपर गुंडाळून काढला. ग्राइंडर लावू नका. तो गंजाबरोबर लोखंडही खातो, आणि फट वाजवीपेक्षा कमी झाली तर दात सेन्सरच्या टोकाला घासतात. साफ झालेल्या जागेवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला, धातूची भुकटी नसलेलं ग्रीस मुद्दाम निवडून. टोकाला ग्रीस लावलं नाही. इथे रंग किंवा प्रायमरही नको, त्याचीही जाडी फटीत मिळते. बोल्ट बारीक आहे, साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात.

बसवल्यावर फट ०.८५, आणि त्याच तालावर चाक फिरवल्यावर ०.४९ व्होल्ट. सड्यावर पुन्हा तीच चाचणी केली. चारही आकडे पाचपर्यंत बरोबर उतरले आणि तिथून एकत्र शून्य झाले. गुरगुर नाही, सरकणं नाही. आचऱ्याहून मालवणला जातानाच्या उतारावर ओल्या रस्त्यातही पाहिलं. पेडल शांत. सेन्सर जुनाच आहे.

नवी गाडी असलेल्यांसाठी

एबीएस आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना सक्तीचं झालं, त्यामुळे किनाऱ्यावरच्या बहुतेक गाड्या आता या प्रकारात येणार. पण वरची मीटरची पद्धत तुमच्या गाडीला सरसकट लावू नका. १९७८ मध्ये बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये एबीएस आणलं, त्यानंतर बराच काळ पॅसिव्ह सेन्सरांचं राज्य होतं. आताच्या गाड्यांत बहुधा अॅक्टिव्ह सेन्सर असतो. त्यालाही तारा दोनच, म्हणून बाहेरून फरक कळत नाही. आत मात्र इलेक्ट्रॉनिक चिप असते आणि तिला कंट्रोलर वीज पुरवतो. तिथे ओहम मोजण्याला अर्थ नाही, उलट मीटरच्या प्रवाहाने सेन्सरला इजा होऊ शकते. त्याचा सिग्नल विद्युतप्रवाहाचा असतो, साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर यांच्यात उड्या मारणारा, आणि चाक अगदी हळू फिरलं तरी उंची तीच राहते. म्हणून वर सांगितलेली गुरगुर तिथे सहसा वेगळ्या वाटेने येते.

त्या गाड्यांत दातेरी रिंगेऐवजी बऱ्याचदा बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टा असतो. डोळ्यांना तो साधा काळा रबरी सील वाटतो. बेअरिंग बदलताना ते उलटं बसलं तर पट्टा सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जातो आणि सिग्नल येतच नाही. बेअरिंगच्या कामानंतर लगेच एबीएसचा दिवा लागला असेल तर आधी हे तपासा.

सध्याची स्थिती

पुढचं डावं चाक मुसळधार पावसातही नीट आहे. मधे एका जोरदार सरीनंतर एबीएसचा दिवा मात्र लागला, आणि या वेळी कोड मिळाला: सी ००४५, मागचं डावं. कनेक्टर उघडला तर आत पिनांवर हिरवट थर. तो साफ केला. रोध मोजताना मागच्या अॅक्सलवरच्या क्लिपजवळ तार वाकवली की १.१ किलोओहमवरून आकडा थेट अनंतावर जातो. म्हणजे इन्सुलेशनच्या आत तार तुटलीय, आणि इथे नवा सेन्सर घेण्यावाचून गत्यंतर नाही. ती जागा सतत वाकते, म्हणून मधेच कापून जोड देणार नाही. सेन्सर तारेसकट येतो, कणकवलीच्या पार्ट्सवाल्याकडे सांगून ठेवलाय. गणपतीला मुंबईची मंडळी उतरली की गाडी स्टेशनच्या फेऱ्यांत अडकते, त्याआधी बसवायचा आहे. बसवताना टेकायची जागा आधी घासणार, आणि मागची दोन्ही चाकं खोलून त्यांचीही फट मोजून आकडे या नोंदीत भरणार.