भेसळ की नवा तांबेरा?

गव्हाच्या चाचणीत ‘आग्रा लोकल’सारख्या सहज बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी वाफ्यांभोवती मुद्दाम पेरतात, त्यांवर संध्याकाळी तांबेरा या रोगाच्या बुरशीच्या बीजाणूंचे पाणी फवारतात आणि रोग भरात आला की वाणावाणाची नोंद घेतात. ‘40 एस’ (एस म्हणजे बळी पडणारे) आणि ‘40 एमआर’ (एमआर म्हणजे मध्यम प्रतिकारक) या नोंदींत पानाचा व्यापलेला भाग सारखाच, 40 टक्के. तरीही पहिल्याचा रोगगुणांक 40 आणि दुसऱ्याचा 16 धरतात; तो जितका कमी, तितके वाण चांगले. लहान फोडाभोवती पिवळे कडे दिसले, तर झाड झुंजते आहे असे समजावे. हे कडे ओळखायला मला दोन हंगाम लागले. नवखे लोक केवळ टक्के मोजतात आणि चांगले वाण बाद करून बसतात.

त्या फेब्रुवारीत ज्या वाणाने मला अडवले, त्यात रानगवताकडून गव्हात आलेले ‘एलआर 24’ हे तांबेरा रोखणारे जनुक होते आणि तीन वर्षे त्या वाणापुढे आम्ही ‘0’च, म्हणजे रोग नाही असेच, लिहीत आलो होतो. वाफ्याच्या कोपऱ्यातील पाच झाडांवर मात्र मोठे, नारिंगी, कडे नसलेले फोड होते. वरिष्ठांनी वाकूनही न पाहता ‘भेसळ आहे, उपटून टाका’ असे सांगितले, म्हणजे ती झाडे दुसऱ्याच वाणाच्या मिसळलेल्या बियाण्याची. तसे नसेल, तर या जनुकावर मात करणारा नवा तांबेरा आला असणार. झाडांची उंची आणि कुसळे शेजारच्या झाडांसारखीच आहेत, हे मी दाखवले. पण शेतकऱ्यांसाठी प्रसारित होण्याच्या उंबरठ्यावरील वाणात कोणालाच शंका नको असते. मी सहा पाने घेतली, सावलीत सुकवली, एकाच कागदी पाकिटात घातली आणि तांबेऱ्याचे प्रकार ओळखणाऱ्या शिमल्याच्या फ्लॉवरडेल केंद्राकडे पाठवली. झाडे त्याच दुपारी उपटली.

काढणीनंतर उत्तर आले : पॅथोटाइप (बुरशीचा उपप्रकार) 77-5. हा आपल्याकडे सर्रास आढळणारा आणि ‘एलआर 24’पुढे निष्प्रभ ठरणारा असल्यामुळे वरिष्ठांचेच खरे ठरले. परंतु आमच्या फवाऱ्यातही 77-5 होताच आणि त्याची धूळ त्या वाफ्यातील प्रत्येक पानावर बसलेली असणार. तपासणीपूर्वी नमुना बळी पडणाऱ्या रोपांवर वाढवतात, तेव्हा त्या धुळीनेच खऱ्या फोडातील बुरशीला मागे टाकले असेल, तर? प्रत्येक पान पुसून, एकेका फोडाचा वेगळा नमुना मी पाठवायला हवा होता. निदान त्या पाच झाडांच्या ओंब्या पिकू दिल्या असत्या, तर पुढच्या हंगामात बियाणे पेरून भेसळीचा निकाल एका वाफ्यातच लागला असता.

नोंदवहीत त्या वाणापुढे त्या वर्षीही ‘0’च आहे, माझ्याच अक्षरात.